एका दिवसाचा हिशेब

बारके,

फोनवर तू दोन प्रश्न एकदम टाकलेस आणि नेहमीसारखं माझं उत्तर पुरं व्हायच्या आत 'गॅसवर दूध आहे' म्हणून फोन ठेवलास. पहिला प्रश्न, हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं आणायची की महिन्याची. दुसरा, रोज रात्री उरणाऱ्या भाताचं करायचं काय, कारण सासूबाई टाकू देत नाहीत आणि दाजी शिळ्याला हात लावत नाहीत. म्हटलं, आता निवांत बसून सांगावं. अर्धवट ऐकून पिल्लं आणशील आणि मग रात्री दोनला मला उठवशील.

तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे, बरं का. दोन्हीकडे तू वय विचारतेस. पिल्लू एक दिवसाचं, भात एक दिवसाचा. पण नुसतं वय कळून उपयोग नाही. तो दिवस कुठे गेला, उन्हात की सावलीत, उघड्यावर की झाकून, कुणाच्या हाताखाली, हे विचारायला शिक. माझं सगळं सांगणं तेवढंच आहे. बाकी आता तपशील.

आधी पिल्लांचं. कोंबडीचं अंडं एकविसाव्या दिवशी फुटतं. फुटायच्या आधी एक गंमत होते. अंड्यातला उरलेला पिवळा बलक पिल्लू बेंबीतून आपल्या पोटात ओढून घेतं आणि मगच बाहेर येतं. ही त्याची शिदोरी. तिच्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरू शकतं. खुडूक कोंबडीखालची सगळी अंडी एकाच तासाला फुटत नाहीत ना, पहिलं पिल्लू बाहेर येऊन शेवटच्याची वाट बघत बसतं, आई अजून खुराड्यातून उठत नाही. तेवढ्या काळासाठी ही सोय. माणसाने तिचाच फायदा घेतला आणि पिल्लांचा व्यापार उभा केला. अमेरिकेत तर 1918 पासून एक दिवसाची पिल्लं चक्क टपालाने जातात. आपल्याकडे ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीतून येतात, एका पेटीत शंभर, आत चार कप्पे, कप्प्यात पंचवीस-पंचवीस. बरेच हॅचरीवाले वर दोन जास्त टाकतात, वाटेतली मरतूक धरून. तुझ्या पेटीत एकशे दोन निघाली तर आनंदाने घराघरात सांगत सुटू नकोस, रीतच आहे ती.

आता इथे सगळे फसतात. 'पिल्लू तीन दिवस उपाशी राहू शकतं' हे ऐकून विकणाराही निवांत होतो आणि घेणाराही. अगं, तगणं वेगळं आणि वाढणं वेगळं. शिदोरी आहे म्हणून जेवण पुढे ढकलायचं नसतं. पिल्लू जितक्या लवकर चोच मारायला लागेल तितकं त्याचं आतडं लवकर तयार होतं. शिवाय त्या बलकातून आईकडची रोगप्रतिकारशक्तीही त्याला मिळत असते. म्हणून पेटी घेताना 'आजचीच आहेत ना?' एवढं विचारून थांबू नकोस. कधी निघाली अंड्यातून, किती वाजता भरली, टेम्पो कुठून कुठून फिरून आला, वाटेत ऊन किती होतं, ते विचार. सकाळी भरून दुपारी पोचलेलं पिल्लू आणि आदल्या रात्री भरून तीन तालुके हिंडून आलेलं पिल्लू, दोघांनाही पावतीवर 'डे ओल्ड'च लिहितात.

पेटी उघडलीस की नुसती मोजत बसू नकोस. हातात घेऊन बघ. डोळे चकचकीत हवेत, अंगावरची लव कोरडी, पायावर नीट उभं राहिलं पाहिजे, उलटं ठेवलं तर झटकन सरळ झालं पाहिजे. आणि बेंबी बघ. ती मिटलेली, कोरडी हवी. तिथे काळा ठिपका, ओल किंवा घाण वास असेल तर ते पिल्लू पहिल्या आठवड्यात जाणार, असं धरून चाल, आणि अशी जास्त दिसली तर तिथेच, टेम्पोवाला उभा असतानाच सांग. गेल्यावर कुणी ऐकत नाही. वजन पस्तीस-चाळीस ग्रॅमच्या आसपास असतं, तुझा तो सोनाराकडचा जुना काटा काढ बाहेर.

लसीचंही तेव्हाच विचार. मरेक्स नावाचा रोग असतो, त्याची लस पहिल्याच दिवशी, हॅचरीतच मानेच्या कातडीखाली टोचतात. पिल्लू एकदा शेडवर येऊन तिथल्या हवेतला विषाणू अंगात शिरला की मग टोचून काही उपयोग नाही. म्हणजे त्या एका दिवसाचं काम दुसऱ्या दिवशी होत नाही. 'टोचलीय' असं तोंडी नको, पावतीवर लिहून घे. पुढच्या लसी तुझ्या हातच्या: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, मानमोडीसाठी, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो. मग पुन्हा लासोटा. दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून तुझ्या भागाचं वेळापत्रक लिहून आण आणि पिठाच्या डब्यावर चिकटव, कपाटात ठेवू नकोस.

मग महिन्याची घ्यावीत का? बघ, महिन्याचं पिल्लू महाग पडतं, पण धोक्याचे दिवस दुसऱ्याने काढलेले असतात. एक दिवसाचं स्वस्त, पण पहिले आठ-दहा दिवस घरातलं कुणीतरी त्याच्यापाशी बांधलं जातं. तुझ्या घरात ते कुणीतरी कोण असणार, हे तुला नि मला दोघींना माहीत आहे. म्हणून दाजींना आधी विचार, 'रात्री एकदा तुम्ही उठणार का?' हो म्हणाले तर एक दिवसाची आण. 'बघू' म्हणाले तर महिन्याची.

आणशील त्या आधीची रात्र महत्त्वाची. पिल्लं यायच्या आधी जागा तापलेली हवी, पिल्लं आल्यावर बल्ब शोधायचा नाही. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंच गोल कडं कर. कोपरा कुठेच नको, कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. शंभराला चार-पाच फूट रुंदीचं गोल पुरतं, पुढे रोज थोडं मोठं करत जायचं. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच, कोरडं. त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र. नाहीतर ती तूसच खात बसतात. कागद रोज बदल, आणि गुळगुळीत चकाकीचा नको, पाय फाकतात त्यांचे.

बल्ब. इथे नीट लक्ष दे, कारण ही चूक आता सर्रास होते. दुकानात आता एलईडी मिळतो. त्याचा उजेड लख्ख पडतो, ऊब मात्र जवळपास नाहीच. तुला जुने तारेचे पिवळे बल्ब हवेत, पिल्लामागे दोन वॅट असा हिशेब, म्हणजे शंभराला शंभर वॅटचे दोन. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला 35 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब हवी, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवायची. तापमापक जरूर टांग, पण त्याच्यापेक्षा पिल्लांकडे बघ. बल्बखाली गोळा होऊन किचकिच करत असतील तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन पंख पसरून चोची उघडून बसली असतील तर तापलंय, बल्ब वर घे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर कुठूनतरी वारा येतोय. विखरून, काही खातायत, काही झोपलीत, हळू आवाजात बोलतायत, तर तू जाऊन झोप.

वीज जाणार हे गृहीत धर. कोळशाची शेगडी ठेवशील तर वर हवा जायला जागा ठेव. बंद खोलीतल्या शेगडीचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि तो पिल्लांनाच काय, तिथे राखण करत झोपलेल्या माणसालाही उठू देत नाही. हे मी गमतीत लिहीत नाहीये.

पोचल्या पोचल्या आधी पाणी, मग खाणं. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळव, पहिले काही तास तेवढंच. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात अलगद बुडवायची, म्हणजे त्याला कळतं की हे प्यायचं असतं. आई शेजारी नाही ना दाखवायला. हे काम कंटाळवाणं आहे, शंभर वेळा करायचं आहे आणि ते टाळणारे पुढे मरतूक मोजतात. मग दोनेक तासांनी मक्याचा भरडा कागदावर भुरभुरव, टकटक आवाज झाला की एकाचं बघून दुसरं खातं. संध्याकाळी दहा-वीस पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचप. मऊ, भरलेली लागली तर पोटात दाणापाणी दोन्ही गेलंय. रिकामी लागली तर त्याला उचलून भांड्यापाशी नेऊन ठेव. पाण्याचं भांडं उथळ ठेव, आत खडे टाक. वाटीभर पाण्यातही ही बुडतात.

पहिल्या दोन-चार दिवसांत काहींच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळते आणि वाट बंद होते. ओढून काढायची नाही, कातडी निघते. कोमट पाण्याचा बोळा लावून मऊ करून पुसायची. असलं काम करताना कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

एक राहिलंच. गिरिराजा, वनराजा, ग्रामप्रिया असल्या परसातल्या जाती घेशील तर पेटीत नर-मादी मिसळ असतात, अर्धे कोंबडे निघणार हे धरूनच अंड्यांचा हिशेब मांड. शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, पुण्याला, कोल्हापूरला, तिथे आधी नोंद करून ठेव. आणि आठवडी बाजारात ती हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्लं दिसतात ना, लेकरं हट्ट करतात, ती कुठून येतात ठाऊक आहे? अंड्यांच्या धंद्यातले नर आहेत ते. जी कोंबडी फक्त अंड्यांसाठी वाढवली आहे तिचा भाऊ अंडी देत नाही आणि मांसालाही परवडत नाही. पिल्लाच्या पहिल्या दिवशीच नर-मादी ओळखायची कला जपान्यांनी 1920-30 च्या सुमारास बसवली आणि ती जगभर गेली. त्यानंतर मादी पेटीत, आणि नर... बहुतेक ठिकाणी मारूनच टाकतात. जर्मनीने 1 जानेवारी 2022 पासून ते कायद्याने बंद केलं. आपल्याकडे काही रंगात बुडवून दहा-वीस रुपयांना लेकरांच्या हाती येतात. त्यांच्या पहिल्या दिवसात ना ऊब होती ना पाणी, आणि तो रंग वाळवताना काय झालं असेल ते तूच समज. घेऊ नकोस. पोराला हवंच असेल तर आपल्या पेटीतलं एक त्याच्या नावाचं करून दे.

आता गोठ्यात ये जरा. तुझी गाय पुढच्या महिन्यात विणार म्हणालीस. तिथेही पहिल्या दिवसाचाच हिशेब आहे, आणि तो पिल्लाच्या उलटा. वासरू शिदोरी घेऊन येत नाही. गाईच्या पोटात असताना तिच्या रक्तातली प्रतिकारशक्ती त्याला मिळत नाही, ती सगळी चिकात असते. चीक पोटात गेला तर ती आतड्यातून रक्तात उतरते, पण ते दार जन्मल्यापासून हळूहळू मिटत जातं आणि चोवीस तासांत बंदच होतं. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांत चीक पोटात गेला पाहिजे, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी. पंचवीस किलोचं वासरू, तर अडीच लिटर. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाजलास तरी पहिल्या दिवसाचं भरून येत नाही.

तुमच्याकडे वार पडल्याशिवाय चीक पाजत नाहीत, हे मला माहीत आहे. वार पडायला कधी आठ-आठ तास जातात. तेवढ्यात वासराचं नुकसान होऊन गेलेलं असतं. सासऱ्यांशी वाद घालू नकोस. पशुवैद्यक डॉक्टरांना घरी चहाला बोलव आणि त्यांच्या तोंडून वदवून घे. तेच वाक्य सुनेच्या तोंडून आगाऊपणा ठरतं आणि डॉक्टरांच्या तोंडून शास्त्र. उलट पाजलं की वासराच्या ओढण्याने वार पडायलाही मदतच होते, हे सांगायला लाव त्यांना.

वासराचं पोट भरून उरला तर मग खरवस. आणि तिथेही बायका काय विचारतात? 'कितव्या दिवसाचा चीक?' पहिल्या दिवसाचा असेल तर घट्ट, त्यात बरोबरीने किंवा त्याहून जास्त दूध घालावं लागतं, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. दुसऱ्या दिवसाचा असेल तर दूध कमी. तिसऱ्या दिवसाचा तर जवळजवळ तसाच लावायचा, तरी मऊच होतो. गूळ, वेलची, किंचित जायफळ, वीस-पंचवीस मिनिटं वाफ. आधी एक वाटी लावून बघ, मग पातेलं. शेजारच्या पाच घरांत पाठवायचा म्हणून वासराच्या तोंडचा काढायचा नाही, एवढं मात्र ऐक.

आता तुझा भात.

भाताबद्दल मी कडक आहे, आणि आईहून वेगळी आहे. तांदळात एका जंतूची बीजं असतात, ती शिजवताना मरत नाहीत. भात गरम-कोमट राहिला की ती जागी होतात, वाढतात, आणि विष सोडतात. ते विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. म्हणजे 'चांगला परतून घेतलाय, काही होत नाही' हे भाताला लागू पडत नाही. भात कितव्या दिवशी खाल्ला यापेक्षा तो पहिल्या दोन-तीन तासांत कुठे होता, यावर सगळं. रात्री नऊला जेवणं झाली, पातेलं झाकून ओट्यावर तसंच, सकाळी आठला फोडणी. हा भात खराब दिसणार नाही, वासही येणार नाही, आणि दुपारी पोराला उलट्या होऊ शकतील. तोच भात जेवण उरकताच ताटात पसरवून पटकन निववला, तास-दोन तासांच्या आत झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये गेला, सकाळी एकदाच खरपूस वाफ येईपर्यंत परतला, तर निर्धास्त खा. उन्हाळ्यात तासभरही जास्तच. आणि पुन्हा उरला तर कोंबड्यांनाही नको, खड्ड्यात.

बाकी फोडणीच्या भाताला ताजा भात चालतच नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत. ताज्या भाताचा गोळा होतो. रात्रभर गार झालेल्या भातातला पिष्टांश घट्ट होतो, शितं सुटी राहतात, फोडणी प्रत्येकाला वेगळी लागते. दाणे, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, वर ओलं खोबरं. इथे शिळेपण ही त्या पदार्थाची गरज आहे.

ओडिशात तर रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवतात, आंबवतात आणि दुसऱ्या दिवशी दही, भाजलेली वांगी, बटाटा, मासे घेऊन खातात. पखाळ म्हणतात त्याला. 20 मार्चला त्याचा दिवसही साजरा करतात. तिथे भाताचा दिवस नुसता जात नाही, त्याला कामाला लावलेलं असतं. आंबटपणा आला की बऱ्याच वाईट जंतूंना तिथे थारा राहत नाही. आपल्या आंबिलीचं तेच. पण ते मुरलेल्या हाताचं काम आहे, विसरलेल्या पातेल्याला पखाळ म्हणून खपवायचं नाही.

भाकरीचं तसं काही भय नाही. ज्वारीची भाकरी कोरडी, तिच्यात पाणी कमी. रात्रीची भाकरी सकाळी ताकात किंवा दुधात कुस्करून, वर लसणीची चटणी, याच्यासारखी न्याहारी नाही. मात्र भाकरी किंवा पोळी फ्रिजमध्ये ठेवू नकोस. तुला वाटतं थंडीत टिकेल, पण त्याच थंडीत ती सगळ्यात लवकर वातड होते. फडक्यात गुंडाळून डब्यात, आणि उद्याच संपवायची. फार उरल्या तर बर्फाच्या कप्प्यात, तिथे बऱ्या राहतात. पोळीचा लाडू, फोडणीची पोळी, कुस्करा, हे तुला मी काय शिकवणार.

आता ज्यासाठी इतकं लिहीत बसले, ते सांगते. शिळं खाणं वाईट नाही गं. शिळं *कोण* खातं, ते बघ. आपल्या आईने आयुष्यभर सकाळी काय खाल्लं? रात्रीचं. सगळ्यांना गरम, तिला उरलेलं, तेही उभ्याने, ओट्यापाशी. कुणी बळजबरी केली नव्हती. तिने ते अंगवळणी पाडून घेतलं आणि मग घरानेही पाडून घेतलं. तुझ्या सासूबाई 'टाकू नको' म्हणतात, बरोबर म्हणतात. अन्न टाकायचं नाही. पण टाकायचं नाही याचा अर्थ तू एकटीने संपवायचं असा होत नाही. न टाकण्याची जबाबदारी घराची असेल तर घास सगळ्यांच्या ताटात पडायला हवा.

भांडून हे होणार नाही. असं कर. रात्री तांदूळ घेताना माप ठरव, दोन वाट्या म्हणजे दोन वाट्या, 'कुणी आलं तर' म्हणून अर्धी वाटी नको. कुणी आलंच तर पोहे आहेत. सकाळी फोडणीचा भात केलास की 'कालचा होता ना, म्हणून' असं तोंडातून काढू नकोस. खोबरं-कोथिंबीर घालून बशीत भरून सगळ्यांपुढे ठेव, नाश्ता म्हणून. दाजी बशी पुसून खातील, मला त्यांची जीभ ठाऊक आहे. हॉटेलात जाऊन तेच 'फ्राईड राइस' म्हणून दोनशे रुपयांना खातात, तो काही त्याच क्षणी शिजवलेल्या भाताचा नसतो. मात्र धाकट्याला, आणि तुझ्या जावेला दिवस गेलेत तिला, रात्रीचा भात नको. लहान, पोटुशी आणि म्हातारी माणसं यांना ताजंच.

आणि तू गरम पोळी खा. निदान एक वेळ, बसून. सवय लावायला वेळ लागेल, लोक बघतील, बघू देत.

अंड्यांबद्दल विचारलं नाहीस, पण सहा महिन्यांनी विचारशीलच. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतील, 'ताई, तुमचं गावठी अंडं उकडलं की सोलतच नाही, खराब आहे का?' खराब नाही, फारच ताजं आहे. अंडं घातल्यावर त्यातला वायू कवचातून हळूहळू निघून जातो, पांढऱ्याचा क्षारपणा वाढतो आणि मग ते आतल्या पापुद्र्याला चिकटत नाही. एक दिवसाचं अंडं उकडून सोलायला गेलीस की निम्मं पांढरं सालीबरोबर येतं. त्यांना सांग, ऑम्लेटला आजचं न्या, उकडायला आठवड्यापूर्वीचं. अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहीत जा, दोन ढीग ठेव. आणि खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी मात्र आठवड्याच्या आतली, थंड जागेतली निवडलेली हवीत, धुतलेली चालत नाहीत. तिथे पुन्हा तेच विचार, अंडं त्या दिवसांत पंख्याखाली होतं की पत्र्याखाली.

सासऱ्यांना हे पटवायचं असेल तर उसाचं उदाहरण दे. तोडलेला ऊस कारखान्याच्या फाटकाशी दोन दिवस ट्रॉलीत उभा राहिला तर तेच म्हणतात ना, 'ऊस शिळा झाला, वजन गेलं, साखर गेली'? चोवीस तासांत गाळला पाहिजे, हे त्यांना तोंडपाठ आहे. चिकाचं, भाताचं गणितही तेच, फक्त तिथे साखर कारखाना नाही म्हणून कुणी बोलत नाही.

पेटी गुरुवारी येणार असेल तर बुधवारी दुपारीच बल्ब लावून बघ, रात्री फ्यूज उडाला तर वायरमन मिळणार नाही. लासोटाची कुपी बर्फातून आणायची असते आणि एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवायची, तेव्हा ती पहाटेच्या गारव्यात द्यायला मी येईन, तू दिवस मोजून कळव. थर्मास माझा ने. पण परत दे. दिवाळीचा चकलीचा डबा अजून तुझ्याकडेच आहे, आणि त्याचं झाकणही.

तुझी ताई